जळगाव ते सिंधुदुर्ग : सव्वा तास

तरुणपणी माझ्या हातून एक मोठा मूर्खपणा झाला. तरुणपणी म्हणजे एकसष्टाव्या वर्षी. आता पासष्ट पूर्ण झाल्यावर मागे वळून बघते, तेव्हा ती एकसष्टीची पोरगी मला भारीच कोवळी वाटते. केसांना मेंदी, नाकावर नवा चष्मा, समोर नवाकोरा कॉम्प्युटर आणि डोक्यात हवा. एका म्हाताऱ्या माणसाने तिला विचारलं, "जळगावहून सिंधुदुर्गाला विमानाने किती वेळ लागतो?" आणि या शहाणीने पाच सेकंदांत सांगून टाकलं, "सव्वा तास."

आकडा बरोबर होता हो. फक्त त्या दोन गावांच्या मध्ये विमानच नव्हतं.

हसा. मीही हसते. पण हसून झालं की मला जो संताप येतो, तो चार वर्षं झाली तरी उतरलेला नाही. म्हणून या अंकाच्या संपादकबाईंनी "आजी, तुमच्या नोकरीबद्दल काहीतरी गोड लिहा" म्हटल्यावर मी हो म्हटलं खरं, पण गोडाची जबाबदारी घेतलेली नाही.

माझी नोकरी विमानाची तिकिटं काढून देण्याची. घाटकोपर पश्चिमेला, चष्म्याच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर गेलं की आमचं ऑफिस. मालक रेगेसाहेब, मी आणि भिंतीवर छतापासून कमरेपर्यंत भारताचा नकाशा. पस्तीस वर्षं मी त्या नकाशाला पाठ टेकून बसले. माझ्या अंबाड्यातल्या तेलाचा डाग बंगालच्या उपसागरात पडला होता, त्याला रेगेसाहेब "नलूताईंचं बेट" म्हणायचे.

सुरुवातीला तिकीट हाताने लिहायचं, खाली लाल कार्बन. आणि वेळापत्रकाचं एक जाडजूड पुस्तक असायचं. त्या पुस्तकाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जे विमान नाही, ते त्या पुस्तकात नसायचं. दोन गावांच्या मध्ये विमान जात नसेल तर तिथे कोरी जागा. कोरी जागा बघून माणूस गप्प बसतो, दुसरा रस्ता शोधतो. कोऱ्या जागेने माझ्याकडून कधी चूक करवली नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, विमानाचं काय, अंतर भागिले वेग, आला वेळ. छे! नकाशावर दोऱ्याने मोजलं तर अंतर कळतं, पण विमान दोऱ्यावरून जात नाही. त्याला हवेत आखून दिलेल्या वाटा असतात, खाली जागा नसेल तर वर घिरट्या घालायला लावतात. तिकिटावर जो वेळ छापतात तो दार बंद करून चाकं हलली की सुरू आणि दुसऱ्या गावी चाकं थांबली की बंद. तुम्ही घरून निघालात कधी, रांगेत उभे राहिलात किती, सामानाची वाट बघत पट्ट्याशी ताटकळलात किती, याचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही. आणि यातली खरी लबाडी ऐका. विमान दार लावून, चार पावलं मागे सरकून धावपट्टीच्या रांगेत पाऊण तास उभं राहिलं, तरी कंपनीच्या दप्तरी ते "सुटलेलं" असतं. वेळेवर सुटलेलं! घरातल्या जावयाने चपला घालून दारात पाऊण तास गप्पा माराव्यात आणि सासूबाईंनी "पाहुणे केव्हाच गेले" म्हणावं, त्यातलाच प्रकार.

दोन छोट्या विमानतळांमधलं गणित तर त्याहून तिरपागडं. अशा दोन गावांच्या मध्ये सरळ विमान बहुधा नसतंच. मोठ्या शहरात या, उतरा, थांबा, पुन्हा चढा. मुलुंडहून शेजारच्या भांडुपला जाणाऱ्याला "आधी सीएसटीला जा, तिथून भांडुपची गाडी मिळेल" असं सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढील. विमानात हेच सांगितलं की "कनेक्शन" म्हणतात आणि माणूस मान डोलावतो.

हे सगळं मला माहीत होतं. मीच गिऱ्हाइकांना शिकवायची. घाटकोपरचं एक कुटुंब दर दिवाळीला अहमदाबादला जायचं आणि दर दिवाळीला विमान चुकवायचं. "नलूबेन, फ्लाइट तो एक घंटे की है," म्हणायचे. मी सांगायची, "फ्लाइट एक तासाची आहे, विमानतळाआधीचा साकीनाका दीड तासाचा आहे. आधी साकीनाका पार करा." बोरिवलीचे एक निवृत्त मास्तर होते. नागपूरला जाताना त्यांना खिडकी हवी, तीही उजवीकडची. का, तर वरून बहिणीचं घर दिसतं म्हणे. तेहतीस हजार फुटांवरून! मी कधी विरोध केला नाही. उजवीकडची खिडकी देत राहिले. दिसत असेल त्यांना.

सांगायचा मुद्दा, मी अडाणी नव्हते. म्हणून तर चीड येते.

तात्या परब विक्रोळीचे. आधी गिरणीत, गिरण्या बंद झाल्यावर विक्रोळीतल्या एका कारखान्याच्या गेटवर. मूळ गाव कुडाळच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी टेकत आमचा जिना चढून आले तेव्हा घामाने भिजले होते. मी पाणी दिलं. पाणी न पिताच म्हणाले, "गे बाय, माका एकच सांग. जळगावसून आमच्या चिपीक इमानान किती वेळ लागता?"

चिपी म्हणजे सिंधुदुर्गाचा विमानतळ. मग सगळं सांगितलं. गावच्या जत्रेत दिवेलागणीला देवाची पालखी देवळातून बाहेर पडते. तिला पहिला खांदा परबांच्या थोरल्या घराचा, म्हणजे तात्यांचा. पिढ्यान् पिढ्यांचा मान. एका वर्षी घरात सुतक होतं म्हणून कुणी गेलं नाही, दुसऱ्या वर्षी हा गुडघा. आता गावकीने बैठक घेऊन ठरवलं होतं, की तिसऱ्या वर्षीही थोरल्या घरातला खांदा आला नाही, तर मान धाकट्या घराकडे, तात्यांचा चुलत भाऊ बाबल याच्याकडे, कायमचा.

"खांदो मी देव शकनंय नाय. ह्यो गुडघो असो. झील आसा, महेश. जळगावाक पायपाच्या कारखान्यात. त्येका सुट्टी एकच दिवस गावतली," तात्या म्हणाले. "शेजाऱ्यांची जीप परवा गावाक जाता. त्यात माझी सीट धरलली आसा. बैठकीत म्हणाले, तुया नुसतो हात लावलंस तरी चालात, पण थोरल्या घराचो माणूस होयो. आता झील येत आसलो तर मी कित्याक जाव? तीन दिवस ह्यो पाय घेवन?"

म्हणजे दोन वाटा होत्या. एक तर तात्या जीपने जाऊन पालखीला हात लावणार, नाहीतर त्यांचा मुलगा महेश विमानाने येऊन खांदा देणार. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्या दिवशी आमचं तिकीट काढायचं खरं यंत्र, म्हणजे ज्यात विमान असेल तरच दिसतं ते, हळू चाललं होतं. माझ्या नातीने आदल्याच आठवड्यात मला शिकवलं होतं, "आजी, काहीही विचारायचं असलं की इथे टाइप कर." मी टाइप केलं. तत्काळ पान उघडलं. निळं आकाश, दोन ठिपके, त्यांना जोडणारी सुरेख वाकडी रेघ, रेघेवर एक पिटुकलं विमान. जळगाव ते सिंधुदुर्ग, अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. उड्डाणाचा वेळ : एक तास पंधरा मिनिटं.

उड्डाणाचा वेळ! माझ्या पस्तीस वर्षांच्या डोक्यात एक साधा प्रश्न उठायला हवा होता, की कोणाचं उड्डाण? कावळ्याचं? पण कोवळं वय, समोर कौतुकाने बघणारा म्हातारा, आणि नवीन शिकलेली विद्या दाखवायची खुमखुमी.

"सव्वा तास, तात्या. दुपारी जेवून निघाला तरी दिवेलागणीच्या आत गावात."

तात्या हसले. मग पाणी प्यायले. "देव तुजा बरां करो," म्हणाले आणि काठी टेकत जिना उतरले.

ते खाली पोचेपर्यंत आमचं खरं यंत्र जागं झालं. मी महेशची जागा धरायला गेले. जळगाव, सिंधुदुर्ग, तारीख. उत्तर आलं : या मार्गावर विमान उपलब्ध नाही. तारीख बदलली. नाही. आठवडा बदलला. नाही. जळगावहून मुंबईला एक विमान होतं, तेही मोजक्या वारी, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी नाही, जत्रेच्या दिवशीही नाही.

मी खिडकीशी गेले. खाली वडापावच्या गाडीशेजारी तात्या फोनवर ओरडत होते. तात्यांचा फोनवरचा आवाज कुडाळपर्यंत फोनशिवायही गेला असता. "बाबल्या, आयक! माझो झील इमानान येता. सव्वा तासान! पालखी त्येच्याच खांद्यार!" मग दुसरा फोन लावला. "जीपवाल्यांनू, माझी सीट दुसऱ्या कोणाक देवा."

मी खिडकीतून "तात्या!" अशी एक हाक मारायची होती. जिना उतरायचीही गरज नव्हती. एक हाक.

नाही मारली. लाज वाटली. खोटं कशाला बोलू, लाजसुद्धा नाही, अहंकार. म्हटलं, मी नलू, पस्तीस वर्षं लोकांना पोचवते आहे, याला पण पोचवीन.

मग मी जोडाजोड केली. महेशला फोन केला. संध्याकाळी कारखान्यातून सुटून जळगावहून रेल्वेने मुंबई, दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईहून सिंधुदुर्गाचं विमान. कागदावर दोन वाजता उतरणार, चारपर्यंत गावात. झकास बसलं. महेश गरीब मुलगा. म्हणाला, "काकू, त्यापेक्षा कोल्हापूरची बस धरू का? संध्याकाळी बसलो तर सकाळी कोल्हापूर, तिथून एसटीने घाट उतरून दुपारी घरी."

"अरे, तेरा-चौदा तास बसमध्ये हाडं खिळखिळी होतील," मी म्हटलं. "विमान असताना बस कशाला?"

हे वाक्य माझ्या तोंडचं आहे. त्याखाली माझी सही समजा.

जत्रेच्या दिवशी सकाळी महेश विमानतळावर पोचला. आंघोळही तिथल्याच बेसिनवर कशीबशी उरकली, कारण पालखीला पारोसं चालत नाही. उपास होता, चहावर होता. साडेबाराला विमान सुटलं नाही. दीडला फोन आला. "काकू, उशीर आहे म्हणतात."

"का?"

"ऑपरेशनल कारण म्हणतात."

तो शब्द मला तोंडपाठ होता. गिऱ्हाइकांना मीच ऐकवायची तो. ऑपरेशनल कारण म्हणजे कारण आहे, पण ते तुमच्या कामाचं नाही.

"विचार ना त्यांना, नक्की किती वाजता?"

"विचारलं. ते म्हणतात, कळवू."

अडीचला पुन्हा फोन. "बसलो काकू विमानात."

"हुश्श!"

तीन वाजता दार लागलं. साडेतीनला फोन. "काकू, अजून जमिनीवरच आहोत. पुढे पाच-सहा विमानं आहेत."

मी त्याच क्षणी समोरच्या यंत्रावर बघितलं. तिथे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : सुटले. माझ्या कानात महेश जमिनीवर होता आणि डोळ्यांसमोर तो हवेत होता. मी रेगेसाहेबांना ओरडून म्हटलं, "साहेब, बघा! बघा ही कशी तोंडावर खोटं बोलतात!"

रेगेसाहेब कागदातून डोकं न काढता म्हणाले, "नलूताई, आपण तिकिटं विकतो. वेळ विकत नाही."

पस्तीस वर्षांत मी त्या माणसाला उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "साहेब, मी तात्यांना तिकीट विकलंच नव्हतं. मी त्यांना वेळच दिला होता. तिकीट नंतर शोधलं."

 त्यांनी उठून पंख्याचा वेग वाढवला.

विमान हवेत एकदा उडालं म्हणजे उडालं. तासाभरात उतरलं. त्याची काही तक्रार नाही, वैमानिकाने आपलं काम केलं. महेश पाच वाजता बाहेर आला. माझ्या कागदावर विमानतळापासून गावापर्यंतचा रस्ता मी धरलाच नव्हता असं नाही, धरला होता, पण भर दुपारचा आणि ओळखीच्या गाडीचा. ती गाडी तीन तास उभी राहून दुसरं भाडं घेऊन गेली होती. मिळाली ती रिक्षा. जत्रेची गर्दी, अरुंद रस्ता, समोरून एसट्या. त्या रिक्षाला गावात पोचायला किती वेळ लागला सांगू?

सव्वा तास.

गावाने थांबवली होती पालखी. दहा मिनिटं. बाबलनेच थांबवली, हे मला मागाहून कळलं. "येव दे पोराक," म्हणाला. पण दिवे लागले, ढोल सुरू झाले, देवाला किती थांबवणार? बाबलने खांदा दिला, आणि ठरल्याप्रमाणे मान धाकट्या घराकडे गेला. महेश देवळाच्या पायऱ्यांशी आला तेव्हा पालखी वळणावर पोचली होती, आणि गर्दीत त्याला तिचं फक्त छत्र दिसलं. आदल्या संध्याकाळी जळगावहून निघालेला मुलगा, धरा बावीस तास. बसने गेला असता तर दुपारी घरी पोचून, न्हाऊन, देवळात जाऊन बसला असता.

मला राग माझा येतोच. त्या एकसष्टीच्या पोरीचे मी रोज सकाळी चहाबरोबर कान उपटते. पण तुम्हाला विचारते, ते निळं पान पुढे करणाऱ्यांचा राग येऊ नये का कुणाला? विमान नाही हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या यंत्राला दोन ठिपके दिले की ते दोरा ताणतं, भागाकार करतं आणि खाली लिहून टाकतं "उड्डाणाचा वेळ". एवढंच लिहा की हो, "विमान असतं तर". तीन शब्द! माझ्या काळी वेळापत्रकवाले कोरी जागा सोडायचे. कोरी जागा सोडायला अक्कल लागते, आणि थोडी लाजही लागते.

मी त्यांना पत्र लिहिलं. नातीकडून इंग्रजीत करून घेतलं, पण राग माझा होता. दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं : आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल धन्यवाद. दुसऱ्या मिनिटाला! म्हणजे वाचलंसुद्धा नाही. गेल्या महिन्यात नातीला सांगितलं, उघड बघू ते पान. तसंच आहे. सव्वा तास. आता त्याखाली एक नारिंगी बटण आलं आहे, "सर्वांत स्वस्त विमान शोधा". नात म्हणाली, "आजी, सोड ना यार. सगळे असंच करतात."

"सगळे करतात म्हणूनच सोडत नाही," मी म्हटलं.

जत्रेनंतर आठ-दहा दिवसांनी तात्या आले. पुन्हा तो जिना, पुन्हा तो घाम. हातात जत्रेहून आलेला गुळाच्या खाज्याचा पुडा आणि नारळाचा तुकडा, प्रसादाचा. शिव्या देतील म्हणून मी तयारी ठेवली होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावर पुडा ठेवला आणि रुमालाने मान पुसत बसले. मी पाणी दिलं.

"तात्या," मी म्हटलं, "तुम्ही खाली फोन करत होतात ना, तेव्हाच मला कळलं होतं. विमान नाही ते. जीपला अजून दोन दिवस होते. मी वरून हाक मारली नाही."

तात्यांनी खिडकीकडे बघितलं.   रेगेसाहेब उठून उगाच जिन्यात गेले.

शेवटी मलाच राहवेना. मी कॉम्प्युटर पुढे ओढला. "पुढच्या वर्षीची तारीख सांगा. मी आत्ताच बसते. खऱ्या यंत्रावर बघते. महेशला दोन दिवस आधी पोचवते, बघाच तुम्ही."

तात्यांनी पुडा माझ्याकडे सरकवला, काठी हातात घेतली आणि म्हणाले, "नको गे बाय. फुडल्या वर्साक मी आठ दिवस आधी जातलंय. यष्टीन. खांदो नाय तर नाय, पालखीच्या मागसून चलतलंय. आणि यष्टीक किती वेळ लागता, ता माका म्हायत आसा."